आम्ही राहायचो

अर्जावर लिहिलं: येण्याचं कारण, उपचार.
दुसऱ्या कारणासाठी रकाना नव्हता.

वडिलांच्या छातीत आता दोन स्टेंट.
डॉक्टर म्हणाले, आठवडाभर विमान नको,
थोडं फिरवा त्यांना.
कुठे नेऊ, विचारलं. पर्वती? सारसबाग?
ते म्हणाले,
"माझे पैसे जिथे राहत होते, ते दाखव."

चार वर्षं ओमदुरमानहून ड्राफ्ट पाठवायचे ते.
बँकेच्या पायरीवर बसून पाकिटावर लिहायचे:
केअर ऑफ मिसेस उजगरे,
रेल्वे फाटकाजवळ, घोरपडी, पुणे एक.
आमच्या गल्लीला आता पोस्टमन नाही,
गल्लीही नाही.
हा पत्ता मात्र त्यांना
फातिहासारखा तोंडपाठ.

रिक्षावाल्याला म्हटलं, घोरपडीच्या फाटकाशी.
त्याने आरशात आधी माझा रंग पाहिला,
मग माझं मराठी,
आणि सिग्नल सुटेपर्यंत
दोन्हीची सांगड घालत राहिला.
"फाटक कुठलं आता साहेब? पूल झाला की."
"मग पुलावर."
"पुलावर कोण उतरतं?"

माझं मराठी त्या फाटकात झालं.
सोलापूरची गाडी, मग मालगाडी,
मग नुसतंच एक इंजिन, एकटं,
काहीतरी विसरलेलं आणायला निघाल्यासारखं.
वीस-वीस मिनिटं, सायकलवरून एक पाय टेकून
मी शब्द वेचायचो:
सरका. अहो, सरका की. पोरगं सांभाळा.
पेरूवाल्या हौसाबाई विचारायच्या,
"मीठ लावू का रे काळ्या?"
त्या शब्दाचा मला राग यायचा.
पेरूचा नाही.

उजगरे बाई, ससूनमधून निवृत्त झालेल्या नर्स,
रविवारी चर्चहून आल्या की
ताप बघावा तसं माझं व्याकरण बघायच्या.
"आम्ही आणि आपण यांत फरक असतो, इद्रिस.
आम्ही म्हणजे समोरचा बाहेर.
आपण म्हणजे समोरचा आत."
मी म्हटलं, आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द.
"बरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या,
"आम्हाला आधी ठरवावं लागतं."

पूल घराच्या खांद्याला घासून गेलाय.
पहिल्या मजल्यावरची माझी खिडकी
आता स्कूटरच्या आरशांच्या उंचीवर.
रिक्षावाला इंडिकेटर लावून, कुरकुरत थांबला.
वडील उतरले, कठड्यावर हात ठेवून उभे राहिले.
"ही?"
"ही."
खिडकीत एक बाई शाळेचा गणवेश वाळत घालत होती,
आमच्यापासून दीड हातावर.
"कोण पाहिजे?"

कोण?
उजगरे बाई जाऊन बारा वर्षं झाली,
भाचीचं पत्र आलं होतं.
हौसाबाईंचं आडनावसुद्धा मी कधी विचारलं नाही.
एवढं मराठी येऊन
या दोन शब्दांचं उत्तर येईना.
"कोणी नाही. आम्ही राहायचो इथे."
मी म्हणायचं होतं मला.
तोंडातून आम्ही आलं.

तिने वडिलांच्या गोल टोपीकडे पाहिलं,
मनगटावरच्या हॉस्पिटलच्या पट्टीकडे पाहिलं.
"खोली भाड्याने द्यायची नाहीये हं."
मग बाहीला चिमटा लावत, जरा थांबून,
"पुलाच्या आधी होता का?
तेव्हा म्हणे फार वेळ जायचा इथे."
"हो," मी म्हटलं. "फार."

मागून हॉर्न. एक, मग चार.
सरका. अहो, सरका की.
वडिलांनी खिडकीवरून नजर न हलवता विचारलं,
काय म्हणतायत?

थांबा म्हणतायत, मी सांगितलं.
गाडी यायची आहे.